वाद्य आणि पंक्ती

अमेरिकेंतील लुइझियाना संस्थानांत न्यू ऑर्लिन्स हें बंदराचें शहर आहे. पितळी वाद्यांचा जॅझ आणि तेथील मसालेदार भोजन यांचा लाभ एकाच सायंकाळीं देण्याची प्रथा तेथें आहे, आणि ती दूरच्या शहरांतहि पोहोंचली आहे. कित्येक सुज्ञ म्हणतात कीं, जेवतां जेवतां ऐकणें हा संगीताचा अपमान होय. आमचें मत तसें नाहीं. अपमान होतो तो निराळ्याच ठिकाणीं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ही जोडी कोणा उपाहारगृहाच्या मालकानें जुळविलेली नाहीं. गुलामगिरीच्या काळीं रविवारीं काँगो स्क्वेअर नामक मैदानांत गुलाम जमत, ढोल वाजवीत, नाचत आणि तेथेंच खाद्यपदार्थहि विकीत. गंबो नांवाच्या दाट रश्श्याचें नांव भेंडीच्या आफ्रिकी नांवावरून पडलें. पीठ स्निग्धांत खरपूस परतण्याची रीत फ्रेंचांची. सॅसाफ्रासच्या पानांची पूड मूळच्या चॉक्टॉ लोकांची. बॅण्डचेंहि तसेंच. कॉर्नेट, ट्रॉम्बोन हीं वाद्यें युरोपची. तालाचें अंग आफ्रिकेचें. पुढें कृष्णवर्णीयांनीं परस्परसाहाय्याच्या मंडळ्या काढल्या. सभासद वारला म्हणजे त्याच्या अंत्ययात्रेंत बॅण्ड जातांना संथ भक्तिगीतें वाजवी आणि परततांना उल्हासाचीं. दुःखितांनीं दुःखितांस दिलेला तो आधार होता.

परंतु ज्यांनीं रांधलें आणि ज्यांनीं वाजविलें, त्यांनाच पंक्तींत स्थान नव्हतें. वर्णभेदाच्या कायद्यांमुळें वादक ज्या दालनांत वाजवी, तेथें त्यास बहुधा बसून जेवतां येत नसे. आपण ज्यास पंक्तिभेद म्हणतों, तो हाच. लुई आर्मस्ट्राँग १९०१ सालीं याच शहरांत गरिबींत जन्मला, मुलांच्या सुधारगृहांत कॉर्नेट शिकला आणि जगद्विख्यात झाला. त्याच्या वाद्यवृंदांत गोरे आणि काळे एकत्र वाजवीत. १९५६ सालीं लुइझियानानें अशा मिश्र कार्यक्रमांस कायद्यानें बंदी केली. तेव्हां १९६५ पर्यंत त्यानें आपल्या जन्मग्रामीं वाजविलें नाहीं. उलट, त्याच शहरांत लिआ चेस या बाईंनीं आपल्या डूकी चेस उपाहारगृहांत कायदा न जुमानतां दोन्ही वर्णांच्या लोकांना एकत्र बसवून गंबो वाढला. एकानें वाद्य आवरून आणि दुसरीनें पान मांडून एकच गोष्ट सांगितली.

कोणी म्हणेल, १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें हें सर्व संपलें. आतां जुन्या गोष्टी कशाला? कायदा जातो, संवय मागें राहते. ऐकणारा वादकाकडे न पाहतां ताटांतच रमला, आणि वाजवून थकलेला वादक मागच्या दारानें उपाशी गेला, तर पंक्तिभेद अद्यापि जिवंत आहे. म्हणून अशा सायंकाळची कसोटी पदार्थांच्या संख्येंत नाहीं, कीं वाद्यांच्या गजरांत नाहीं. वाजविणाऱ्यास आणि रांधणाऱ्यास योग्य मोबदला मिळाला काय, आणि त्यांच्यासाठीं पान मांडलें काय, एवढेंच पाहावें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्याकडेहि लग्नाच्या वरातीपुढें बॅण्डवाले उन्हांत वाजवीत चालतात. उद्यां तुमच्या घरीं मंगलकार्य निघेल, तेव्हां त्यांचें पान शेवटच्या पंक्तीसाठीं ठेवूं नका.