डॅशबोर्डवर टकटक करणारे

आमच्या नात्यागोत्यात आणि मित्रमंडळींत गाडीवेड्यांची एक जमात आहे. कोणाकडे नवी गाडी आली की पेढा तोंडात टाकायच्या आधी ही मंडळी गाडीत शिरतात. दार दोनदा लावून 'धप्' असा आवाज येतो का ते ऐकतात, डॅशबोर्डवर बोटाने टकटक करतात आणि निकाल देतात, "प्लास्टिक हार्ड आहे रे!" यजमानाचा चेहरा पडतो तो पडतोच :)

छंद म्हणून माझी काही हरकत नाही. माझं भांडण आहे ते त्यांच्या दोन लाडक्या मतांशी. एक, आपल्याकडे चांगल्या कंपन्या बुडाल्या त्या आपल्या लोकांना गाडीतलं काही कळत नाही म्हणून. आणि दोन, गाडीचं 'इंटिरियर' म्हणजे ते बघायला येणाऱ्याला कसं वाटतं ते.

आधी पहिलं. शेवरोले २०१७ साली आपल्या बाजारातून गेली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं; दहा वर्षांत दोन अब्ज डॉलर्सहून जास्त तोटा झाला असं स्वतःच सांगितलं. डॅटसन २०२२ साली आवरली. फियाट तर त्याआधीच हळूहळू विझली होती. प्रत्येक वेळी आमच्या मंडळींनी सुतक पाळलं आणि खापर फोडलं ते 'कितना देती है' विचारणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर.

आता गंमत बघा. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन. तेच इंजिन २००७ पासून मारुतीच्या स्विफ्टमध्ये आलं आणि लोकांनी अक्षरशः रांगा लावून घेतलं. फियाटच्या स्वतःच्या पुंटोमध्येही तेच होतं. ती काही खपली नाही. म्हणजे लोकांना चांगलं इंजिन कळत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही! त्यांना इंजिनही कळत होतं आणि आपल्या तालुक्याच्या गावी ते दुरुस्त कोण करणार हेही कळत होतं. पाच-सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतलेला माणूस स्टिअरिंगच्या 'फील'आधी सुट्या भागांचा विचार करतो, याला अडाणीपणा नाही, शहाणपण म्हणतात. आमच्या एका नातेवाइकांनी बाजारातून गेलेल्या एका कंपनीच्या (नाव घेत नाही) गाडीच्या हेडलाइटसाठी दोन महिने वाट पाहिली. त्या दोन महिन्यांत सुतक पाळणाऱ्यांपैकी कोणी त्यांना साधा फोन केला नाही.

आणि खरं सुतक होतं ते वेगळ्याच घरांत. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला. इथली विक्री थांबल्यावरही निर्यातीसाठी गाड्या बनत होत्या, त्या डिसेंबर २०२० मध्ये थांबल्या. हजाराहून जास्त कामगार कोर्टकचेऱ्या करत बसले. ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी ठरलेला सौदा २०२२ मध्ये बारगळला, मग २०२३ साली ह्युंदाईशी करार झाला. कारखान्याला नवा मालक मिळाला. पण या सगळ्या वर्षांत आमच्या गाडीवेड्यांच्या तोंडी विषय होता तो क्रूझच्या टॉर्कचा. कामगाराचा एक शब्द नाही.

आता दुसरं. यांना 'ट्रकचं इंटिरियर' म्हटलं की आठवते ती टोयोटा हायलक्स, नाहीतर अमेरिकेतला तो बारा इंची पडद्याचा रॅम. एवढ्या किमतीत मऊ प्लास्टिक नाही, सीटमधून गार हवा येत नाही, यावर तासभर वाद! अहो, पण आपल्या देशात ट्रक म्हणजे काय?

पुणे-नाशिक किंवा पुणे-सोलापूर रस्त्यावर तुम्ही नक्की पाहिलं असेल. नुसती चासी चाललेली असते. ना केबिन, ना दार, ना छप्पर. एका साध्या सीटवर माणूस बसलेला, तोंडाला गमछा गुंडाळलेला, आणि तशीच ती शेकडो किलोमीटर लांब बॉडी बांधायला न्यायची. कंपनीतून निघालेल्या कोऱ्या गाडीचं हे इंटिरियर! पुढे बॉडीवाला लाकूड-पत्रा ठोकून केबिन उभी करणार, ड्रायव्हरच्या शेजारी इंजिन तापत राहणार, आणि मे महिन्यात विदर्भात त्यातच तो जेवणार, झोपणार, दिवसचे दिवस राहणार. त्याच्या डॅशबोर्डवर टकटक करायला कोणी गेलंय का कधी?

डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने नियम काढला, की १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी हवाच. त्यावर आमच्यातल्याच एका जाणकाराचं मत काय, तर "मायलेज कमी होणार, मालक एसी लावूच देणार नाही, ड्रायव्हर झोपतील." वा! स्वतःच्या गाडीत मागच्या सीटला वेगळा एसी नाही म्हणून जे नाक मुरडतात, त्यांना चौदा-चौदा तास चालवणाऱ्याच्या वेळी डिझेलचा हिशोब आठवतो. मालक लावू देणार नाही ही शंका खोटी नाही. पण मग भांडायचं मालकाशी. आणि जुने लाखो ट्रक या नियमाबाहेर आहेत, त्यांचं काय, हे विचारायचं. झोपेचं म्हणाल तर उकाड्याने रात्रभर डोळा न लागलेला ड्रायव्हर सकाळी किती जागा असतो हो?

एक श्रेय मात्र मी या मंडळींना देईन. २०१४ साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत आपल्या पाच लोकप्रिय गाड्यांना शून्य तारे मिळाले, तेव्हा यांनीच गल्लोगल्ली बोंब मारली. आज शोरूममध्ये साधा माणूस "स्टार किती?" विचारतो, त्यात यांचा वाटा आहेच. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं. पण तेही साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांपुरतं. त्या वजनाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला तारे नाहीत.

म्हणजे तुमच्या बोलण्याने फरक पडतो, मंडळी. म्हणूनच तर एवढा त्रागा. घसा कशासाठी बसवायचा ते एकदा ठरवा. मऊ प्लास्टिकवाचून आजवर कोणाचं काही अडलेलं नाही. तुमच्या घरचा गहू, सिमेंट, आणि हो, तुमची ती लाडकी नवी गाडीसुद्धा ज्याने आणून दिली, त्याच्या केबिनवर एकदा तरी टकटक करा. आणि मग सांगा, प्लास्टिक कसंय ते!