एम.एड. मुंबईत, मूल वेल्ह्यात

भोरला राहणारी माझी भाची विशेष शिक्षणात बी.एड. झाली आहे. गेल्या ईदला तिने विचारलं, "मामू, आता एम.एड. करू का?" मी तोंड उघडण्याआधीच घरातून तीन उत्तरं आली. असल्या मुलांना शिकवायला एवढं शिकायचं कशाला? आधी लग्नाचं बघा. आणि तिसरं, त्यानं पगार किती वाढणार? पहिल्या दोहोंचा मला राग आला. तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

शाळेत विशेष शिक्षक व्हायला डी.एड. किंवा बी.एड. पुरतं. एम.एड. लागतं ते मुख्यतः बी.एड. कॉलेजात शिकवायला. म्हणजे जो जास्त शिकेल, तो मुलापासून तेवढा लांब जाईल, अशीच ही व्यवस्था आहे. भोरची मुलगी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणदोषावरचं एम.एड. करील, मोठ्या शहरात प्राध्यापक होईल. त्यात तिचा दोष काय? तिला परत बोलावणारी एकही खुर्ची आपण तालुक्यात ठेवलेली नाही.

इकडे मूल मात्र तालुक्यातच आहे. भाटघरच्या पाण्यापलीकडच्या एका गावात मी नऊ वर्षांची मुलगी पाहिली होती. शेवटच्या ओळीत बसलेली. गुरुजी कौतुकाने म्हणाले, "गुणी आहे हो, अजिबात त्रास देत नाही." तिला ऐकूच येत नव्हतं. तिच्या मुकेपणाला आपण गुण म्हणत होतो.

कायदा कमी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. त्यात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. २८ ऑक्टोबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणही सांगितलं : प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे १५ मागे एक. २०२४ मध्ये राज्याने ४८६० पदं मंजूर केली. ढोबळमानाने केंद्रामागे एक. आता हिशोब करा. केंद्रात बारा शाळा धरल्या, तर महिन्याच्या चोवीस दिवसांत एका शाळेच्या वाट्याला दोन दिवस येतात. त्यात वेल्ह्यात एक शाळा तोरण्याच्या अंगाला, दुसरी डोंगरापलीकडे, आणि पावसाळ्यात एसटीचा भरवसा नाही. दोन दिवसांत कुठलं मूल बोलायला शिकेल?

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. आपल्याकडे या पदव्या बहुतेक एकेका दिव्यांगतेच्या असतात : श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता. शहरातल्या कर्णबधिर शाळेला हे जुळतं. वेल्ह्यातल्या केंद्रात एक मूल ऐकू न येणारं, एक मतिमंद, एक सेरेब्रल पाल्सीचं, असं सापडतं. शिक्षक एकाचा तज्ज्ञ आणि दोघांसमोर नवखा. अशा शिक्षकाला सल्ला द्यायला, मुलाचा शैक्षणिक आराखडा तपासायला, नव्या गुरुजींना शिकवायला पंचायत समितीत एम.एड. झालेला एक माणूस हवा. तालुक्याला एक कायम पद, एवढीच माझी मागणी आहे. आणि एम.एड. च्या विद्यार्थ्याने प्रात्यक्षिकाचे काही महिने डोंगराळ तालुक्यात काढावेत. आज 'गृहाधिष्ठित शिक्षण' ही किती घरांत रजिस्टरातली नुसती नोंद आहे, ते त्याला तिथे कळेल.

आता आपल्या लोकांशी दोन शब्द. सरकारला शिव्या देणं सोपं आहे. आपल्या मकतबमध्ये किती आंधळी, बहिरी मुलं बसतात? मशिदीच्या किती पायऱ्यांशेजारी उतार आहे? "अल्लाहची मर्जी" म्हणून आपण मुलाला घरात ठेवतो. पण शिकायला आलेल्या एका अंध माणसाकडे दुर्लक्ष झालं म्हणून कुरआनात खुद्द पैगंबरांना समज दिली गेली, हे आपण विसरतो. ते अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम. पुढे तेच मदिनेत अजान देत, आणि पैगंबर बाहेरगावी असताना मदिनेची जबाबदारीही त्यांच्यावर येई. मर्जीचा आधार घ्यायचा तर हा घ्या. समाजाच्या शिष्यवृत्त्या डॉक्टर-इंजिनिअरांना मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातली एक विशेष शिक्षणासाठी का नसावी?

भाचीला मी सांगितलं, कर. पगाराचं उत्तर आजही माझ्याकडे नाही, तेही सांगितलं. फक्त एक अट घातली : प्रबंधाचा विषय भोर-वेल्ह्याबाहेरचा घ्यायचा नाही. एक केंद्र धर, त्याच्या सगळ्या शाळा आणि वाड्या फिर, आणि लिहून काढ : कोणतं मूल पटावर आहे, कोणतं फक्त पटावरच आहे, आणि कोणतं तिथेही नाही. तो कागद घेऊन आपण दोघं पंचायत समितीत जाऊ.

तोवर तुम्हीही एक काम करा. तुमच्या मोहल्ल्यात असं मूल असेल, तर त्याचं यूडीआयडी कार्ड निघालंय का, ते बघा. आणि गुरुजी "त्रास देत नाही" म्हणाले, तर तिथून उठू नका.