भेट द्या, जुनेर नको



मे महिना उजाडला की आमच्या येलदरीपासून जिंतूर-परभणीपर्यंत अनेक कार्यालयांत एक कागद टेबलाटेबलावरून फिरू लागतो. हा असतो वर्गणीचा कागद. ३१ मे रोजी कोणीतरी सेवानिवृत्त होणार असते. याच तारखेला एवढी माणसे का निवृत्त होतात, हे घरातील मुलांना ठाऊक नसेल. आपल्या आईबापांच्या पिढीत शाळेत नाव घालताना जन्मतारीख कोणाला माहीत होती? गुरुजींनी १ जून लिहून टाकली आणि काम भागवले. ज्याची जन्मतारीख महिन्याची १ तारीख, तो नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून राज्य शासनाचा कारकून ५८ व्या वर्षी आणि शिपाई ६० व्या वर्षी बहुधा ३१ मेलाच घरी जातो.

वर्गणी जमते. मग प्रश्न पडतो, द्यायचे काय? कोणीतरी म्हणते, "आणा की घड्याळ." शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ ठरून जाते. आमच्या परिचयाच्या एका घरात अशी ४ घड्याळे आहेत आणि त्यांतली ३ बंद आहेत. ज्याने ती आणली त्याने दुकान पाहिले, माणूस पाहिला नाही. ३० वर्षे शेजारी बसलेल्या माणसाला काय लागते, काय आवडते, हे आपल्याला सांगता येऊ नये, याचा विचार व्हायला हवा.

पण आज आम्हाला बोलायचे आहे ते ज्यांच्यासाठी वर्गणीचा कागद फिरतच नाही त्यांच्याविषयी. ठेकेदाराकडचा चौकीदार, रोजंदारीवरचा मदतनीस, झाडलोट करणाऱ्या मावशी, पाणी भरणारा मुलगा. हेही आपले सहकारीच आहेत. पूर्णा नदीवरच्या आमच्या येलदरी धरणाच्या पायथ्याला साडेसात मेगावॅटचे ३ संच आहेत, म्हणजे २२.५ मेगावॅटचे वीजघर. १९६०च्या दशकातले हे काम हजारो हातांनी उभे केले. धरण कोणतेही घ्या, कोनशिलेवर मंत्र्याचे नाव असते, पाटी वाहणारीचे नसते. कार्यालयातही तेच घडते. साहेबांच्या निरोपाला मंडप लागतो आणि मावशींचा ठेका संपतो त्या दिवशी त्यांना कपभर चहाही मिळत नाही.

काही ठिकाणी यांना दिले जाते, नाही असे नाही. दिवाळीला घरातली जुनी साडी, साहेबांचा उसवलेला स्वेटर, उरलेला फराळ. देणाऱ्याचे मन वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. पण हे जुनेर आहे. आपल्या आजी-आजोबांनी ते पुष्कळ घेतले. मालकाचे उतरलेले कपडे, दारात उभे राहून पदरात घेतलेली शिळी भाकर, यालाच त्यांच्या कामाची पावती म्हणत. १९ मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळेपाके तुकडे घेणे सोडून देण्यास सांगितले, ते यासाठीच. आज आपल्यातले काहीजण खुर्चीवर बसले आहेत. तेव्हा आपल्या हातून दुसऱ्याला जुनेर जाऊ नये, हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे.

भेट आणि जुनेर यांतला फरक कसा ओळखावा? आमच्याकडे एक साधी कसोटी आहे. जी वस्तू मावशींना द्यायचे मनात आहे, तीच साहेबांच्या हातात द्यायला आपण धजू का? लाज वाटत असेल, तर ती मावशींनाही देऊ नये. किंमत कमी असली तरी चालेल, पण वस्तू कोरी असावी आणि सर्वांसमोर, दोन्ही हातांनी दिलेली असावी.

एक उदाहरण सांगतो. आमच्या परिचयाच्या एका कार्यालयात एका मावशींनी १७ वर्षे झाडलोट केली. या काळात ठेकेदार ४ बदलले, मावशी त्याच राहिल्या. पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचे पुस्तक, आधार कार्ड असे सगळे कागद त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेले होते. निरोपाला साडी-चोळी द्यावी, असे ठरत होते. आम्ही काही जणांनी आधी ती पिशवी पाहू देण्याची मावशींना विनंती केली.

पिशवीत भविष्य निर्वाह निधीचे ३ वेगवेगळे क्रमांक निघाले. ठेकेदार बदलला की खाते बदलते. जुनी सेवा नव्या खात्याला जोडून घेतली नाही, तर वर्षे भरूनही ती एकत्र दिसत नाहीत. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ नुसार १० वर्षांची सेवा असेल तर ५८ व्या वर्षापासून मासिक पेन्शन मिळू शकते. ती बेताची का असेना, हक्काची असते. मावशींच्या एका खात्यावर माहेरचे नाव होते, आधारवर सासरचे. असा फरक राहिला की अर्ज अडकतो.

मग ४ रविवार बसून नावाची दुरुस्ती केली, सेवा एकत्र जोडण्याचे अर्ज भरले, वारसाची नोंद केली, अनुभवाचा दाखला मागून घेतला. एक चांगली जाड फाईल आणली, प्रत्येक कागद क्रमाने लावला आणि अर्ज दाखल झाल्याच्या पावत्या शेवटी ठेवल्या. पहिल्या पानावर सर्वांच्या सहीचे पत्र लावले. मावशी किती वर्षे किती वाजता येत, पावसाने रस्ता बंद झाला त्या दिवशीही पायी येऊन त्यांनी कार्यालय कसे उघडले, हे त्यात लिहिले होते. निरोपाच्या दिवशी त्यांना मधल्या खुर्चीवर बसवून पत्र मोठ्याने वाचले. मावशी एवढेच म्हणाल्या, "एवढं कुणी बघत व्हतं का?" फाईलला खर्च आला तो एका घड्याळापेक्षा कमीच.

आपण पाहत होतो, हे समोरच्याला कळणे हीच खरी भेट. याचा सर्वांत मोठा दाखला बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. संविधान स्वीकारले गेले त्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान सभेत त्यांनी भाषण केले. सारे सभागृह त्यांचे कौतुक करत होते. तेव्हा हे सारे श्रेय आपल्या एकट्याचे नाही, असे त्यांनी सांगितले. कच्चा मसुदा तयार करणारे सल्लागार बी. एन. राव यांचे नाव घेतले. मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे नाव घेतले आणि अवघडात अवघड गोष्ट सोप्या व नेमक्या कायदेशीर भाषेत मांडण्याचे त्यांचे कसब कोणते, तेही सांगितले. मुखर्जींच्या हाताखालील कर्मचारी कधीकधी मध्यरात्र उलटेपर्यंत राबले, याचाही उल्लेख केला. हाताशी वस्तू काहीच नव्हती. नाव घेतले, काम सांगितले, तेही सर्वांसमोर. ते आजही नोंदीत आहे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी.

पहिली गोष्ट, भेट ठरवण्याआधी महिनाभर माणसाकडे पाहावे. रात्रपाळीच्या चौकीदाराला चांगली बॅटरी किंवा चहाचा थर्मास रोज उपयोगी पडतो. कागद हात लांब करून वाचणाऱ्या शिपायाला जिंतूरला नेऊन डोळे तपासून चष्मा करून द्यावा. निवृत्तीनंतर जो शेतीकडे वळणार आहे त्याला परभणीच्या कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी आणि बियाण्याची एक पिशवी द्यावी. १८ मे हा विद्यापीठाचा वर्धापन दिन, त्या सुमारास तेथे खरिपाचे बियाणे विक्रीला येते. म्हणजे ३१ मेपूर्वी हाती पडते. महिला सहकाऱ्याला दर वेळी कुकर-कढईच का? तिची मुलगी दहावीला असेल तर शब्दकोश द्यावा, ती स्वतः वाचणारी असेल तर पुस्तक द्यावे. आपल्या समाजात फुले-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन देण्याचा पायंडा पडला आहे. तो कार्यालयातही चालेल.

दुसरी गोष्ट, निरोपापर्यंत थांबू नये. मूल दवाखान्यात असताना ज्याने आपले टेबल सांभाळले, त्याचे आभार त्याच आठवड्यात मानावेत. जलाशयाचे ताजे मासे घरी शिजले तर एक डबा त्याच्यासाठी न्यावा आणि सोबत बसून जेवावे. पुढच्या वेळी त्याचे टेबल आपण सांभाळावे. ती भेट सर्वांत टिकाऊ.

तिसरी गोष्ट, वर्गणीचा आकडा लावू नये. रोजंदारीच्या माणसाला ५० रुपयेही जड जातात आणि कागदावर नावापुढे रक्कम लिहिली की लाजेखातर तो उसने काढून देतो. बंद पाकीट फिरवावे, नाव लिहू नये. ज्याने काही घातले नाही त्यानेही पत्रावर सही करावी.

चौथी गोष्ट, ज्यांच्याकडे आपले काम अडले आहे त्यांना भेट देऊ नये आणि ज्यांचे काम आपल्याकडे अडले आहे त्यांच्याकडून घेऊ नये. राज्य शासनाच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत भेटवस्तूंसाठी स्वतंत्र नियम आहे, तो प्रत्येक कर्मचाऱ्याने वाचावा. साहेबाला खूश करण्यासाठी दिलेल्या वस्तूला चमकदार कागद गुंडाळला म्हणून ती भेट होत नाही.

घरातल्या भगिनींना आणि मुलांना एक विनंती. पत्र लिहायचे काम मुलांकडे द्या. त्यांचे अक्षर चांगले असते. आई किंवा बाबा सांगतील, "मावशी ७ वाजता येत, आम्ही पोचायच्या आत व्हरांडा झाडलेला असे," आणि मूल ते लिहून घेईल. कोणाच्या कष्टावर आपले कार्यालय चालते, हे त्याला पुस्तकाआधी घरात कळेल. उद्या ते मूल साहेब झाले तरी कोणाच्या हातावर जुनेर ठेवणार नाही.

जयभीम.