कोकणांचे मूळ आणि कोकणांचे आज

सुरगाणा तालुक्यातील कोकणा समाजाचे मूळ कोणते, हा प्रश्न अधूनमधून चर्चेस येतो. दुर्गादेवीच्या दुष्काळात पूर्वज कोकणातून घाट चढून आले, अशी परंपरागत कथा आहे. समाजाचे नावही तिला पोषक आहे. उलटपक्षी, हे लोक या डोंगराचेच आद्य रहिवासी, असे मानणाराही वर्ग आहे. 'बाहेरून आले' असे मान्य केल्यास आपल्या आदिवासीपणावर कोणी बोट ठेवील, ही भीती या वादामागे असते.

ती अनाठायी आहे. अनुसूचित जमातींसाठी १९६५ च्या लोकूर समितीने मानलेल्या निकषांत वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, मागासलेपण यांचा समावेश आहे. पूर्वज कोठून आले, याचा नाही.

वंशकथेचा वाद केवळ येथेच होतो असे नाही. स्पेनच्या वायव्येकडील गालिसियाचे लोक आयरिश लोकांप्रमाणे प्राचीन केल्टांचे वंशज आहेत, असा पुरस्कार एकोणिसाव्या शतकात मानुएल मुर्गिया या इतिहासकाराने केला. त्यावर आजही मतभेद आहेत. तेथील भाषा तर लॅटिनपासून निघालेली, पोर्तुगीजची सख्खी बहीण. तथापि १९८१ च्या स्वायत्तता कायद्याने तिला राजभाषेचा दर्जा मिळाला, तो केल्ट पूर्वजांच्या पुराव्यावर नव्हे. लोक ती बोलत होते म्हणून.

कोकणा बोलीच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. ती कोणाची, हे नेहमी इतरांनीच ठरविले. जनगणनेने तिला भिलीच्या गटात घातले. १९४९ साली मुंबई सरकारने शेजारच्या डांगमधील बोली गुजरातीला जवळची ठरविली. मराठी अभिमान्यांनी ती मराठीची म्हटली. १९६० साली डांग गुजरातेत गेला, सुरगाणा महाराष्ट्रात राहिला आणि एकाच समाजाची मुले दोन परक्या प्रमाणभाषांत धडे गिरवू लागली.

डिसेंबर २०२२ मध्ये तालुक्यातील सीमेवरच्या गावांनी गुजरातेत जाण्याची मागणी केली, तेव्हा कारण वंशाचे नव्हते, भाषेचेही नव्हते. रस्ता, पाणी व दवाखाना ही ती कारणे होती. पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी उन्हाळ्यात हंडाभरही मिळत नाही. भात-नागलीचा हंगाम आटोपला की कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांची वाट धरतात. शाळा मागे राहते. कणसरीची पूजा आणि डोंगऱ्या देवाचा उत्सव जपायचा, तर गावात माणसे हवीत.

म्हणून अस्मितेच्या रक्षणाचा कार्यक्रम साधा आहे: पाणी अडविणे, गावातच बारमाही रोजगार आणि पहिल्या इयत्तेत मुलाच्या कानी त्याची घरची बोली. पूर्वजांनी दुष्काळापायी घाट चढला की नाही, याचा निर्णय इतिहासकार देतील. आजच्या पिढीला मजुरीपायी दरवर्षी घाट चढावा लागतो, याबद्दल मात्र कोणाचाच वाद नाही.