पूर्वजांची भूमी आणि कुळाचा हक्क

पॅलेस्टाईनचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या वारशाचा आहे, असे मानून त्याची चर्चा होते. कुळांच्या हक्कांसाठी झगडलेल्या महाराष्ट्रातील समाजवाद्यांनी तरी तो जमिनीच्या अंगाने तपासला पाहिजे.

१९२० नंतरच्या दशकात बैरुतच्या सुरसोक घराण्याने मर्ज इब्न आमिर खोऱ्यातील विस्तीर्ण जमीन ज्यू संस्थांना विकली. खरेदीखते कायदेशीर होती. उठावे लागले ते जमीन कसणाऱ्या अरब कुळांना. १९४८ च्या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले आणि इस्रायलच्या १९५० च्या कायद्याने त्यांची मालमत्ता ‘गैरहजरांची’ ठरली. गैरहजर जमीनदाराला विकण्याचा अधिकार. गैरहजर शेतकऱ्याला परतण्याचाही नाही! त्याच १९४८ साली मुंबई प्रांतात कुळकायदा झाला, हा योगायोग विसरण्याजोगा नाही.

ज्यूंची जेरुसलेमविषयीची ओढ खोटी, असा याचा अर्थ नव्हे. युरोपात ६० लाख ज्यूंची कत्तल झाल्यावर त्यांना आश्रय हवाच होता. परंतु युरोपच्या पापाचे प्रायश्चित्त पॅलेस्टिनी शेतकऱ्याने का घ्यावे?

कोकणातील बेने इस्रायल समाजाचे उदाहरण बोलके आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’. आडनावे पेणकर, नवगावकर अशी. त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले. तेथे धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली. आंदोलन केल्यावर १९६४ साली संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानले. तरीही आडनावातले गाव सुटले नाही. पूर्वजांची भूमी एकच असते, हा दावाच इतिहासाला मान्य नाही.

फाळणीनंतर आमच्या चेंबूरच्या छावणीत सिंधी निर्वासित आले. त्यांनी सिंधची आठवण जपली. पण त्या आठवणीच्या बळावर कराचीच्या रहिवाशाला हुसकावण्याचा हक्क मागितला नाही. मात्र त्यांना नागरिकत्व मिळाले, १९५४ च्या कायद्याने भरपाईचीही तरतूद झाली. पॅलेस्टिनी निर्वासितांना परतण्याचा वा भरपाईचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९४ क्रमांकाच्या ठरावाने डिसेंबर १९४८ मध्ये मान्य केला. तो कागदावरच राहिला.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हत्या आणि त्यानंतर गाझात झालेला संहार, यांपैकी कशाचेही समर्थन वारशाच्या नावाने होऊ शकत नाही. तेथे जन्मलेल्या ज्यूला हाकलणे हाही अन्यायच ठरेल. समाजवाद्यांची कसोटी साधी असावी : स्मृतीला आदर द्यावा, पण स्मृतीच्या आधारे कोणाचेही घर हिरावू नये, आणि ज्याचे हिरावले त्याला न्याय मिळेपर्यंत प्रश्न मिटला असे म्हणू नये.