मशीन जितकी चिरकते तितकी चांगली, हे डोक्यातून काढा



पावसाळा तोंडावर आला की आपल्या पट्ट्यात चेनसॉ बाहेर निघतात. कल्याण-डोंबिवलीत सोसायटीतल्या गुलमोहराच्या फांद्या असतात, मुरबाड-शहापूरला बांधावरचा वाळलेला ऐन नाहीतर वाऱ्याने आडवा झालेला आंबा. (शहर हद्दीत असाल तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी, मशीन नंतर.) जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते, या दोन वादळांनंतर तर घरची मशीन हवीच असं आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटू लागलं.

आता होतं काय, मशीन आठ महिने कोपऱ्यात पडलेली. चालू होत नाही म्हणून दुकानात जाते. मिस्त्री लाकूड न लावता फुल रेस करतो, कार्बोरेटरचा स्क्रू आवळत नेतो, आवाज चिरका झाला की थांबतो. गिऱ्हाईक खूश, पैसे देऊन घरी. माझं मत विचाराल तर तिथेच त्या मशीनचं आयुष्य अर्धं झालं.

कारण साधं आहे. कार्बोरेटरला तीन स्क्रू. एल म्हणजे कमी रेसचं पेट्रोल, एच म्हणजे फुल रेसचं, आणि टी (काही मशीनवर एलए) म्हणजे आयडलिंगचा वेग. एल आणि एच आवळला की पेट्रोल कमी, सैल केला की जास्त. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमधूनच येतं. म्हणजे एच आवळून पेट्रोल तोडलं की ऑइलही तुटलं, थंडावाही तुटला. रिकामी रेस वाढते, आवाज छान येतो, आणि जाड खोडात पाच-दहा मिनिटं दाबली की पिस्टनला ओरखडे पडून मशीन जाम. बोअर-पिस्टनचा खर्च ऐकून मग नवीनच घेऊ म्हणतात.

बरोबर लागलेली मशीन रिकाम्या फुल रेसला जराशी फडफडते, अडखळल्यासारखी. लाकडात बार घातला की तोच आवाज साफ होतो. हा फरक कानाला एकदा कळला की पुढचं सोपं. रिकामीच एकदम सफाईदार किंचाळत असेल तर पेट्रोल कमी आहे. लाकडातही फडफड जात नसेल, धूर येत असेल तर जास्त आहे. टॅकोमीटर मिळाला तर उत्तमच, पुस्तिकेत दिलेल्या कमाल फेऱ्यांच्या वर जायचं नाही.

लावायची पद्धत सांगतो. आधी एअर फिल्टर साफ, सायलेन्सरची जाळी साफ, चेनला धार. फिल्टर घाण असताना स्क्रू लावला आणि मग फिल्टर धुतला, तर सगळं चुकलं. इंजिन दोन-तीन मिनिटं गरम करा. एल फिरवून आयडलिंग सगळ्यात वर जाईल ती जागा शोधा, तिथून थोडा सैल करा, रेस दिल्यावर न अडखळता उचलली पाहिजे. मग टी असा लावा की चेन पूर्ण थांबेल. आयडलिंगला चेन फिरत असेल ती मशीन कुणाच्या हातात द्यायचीच नाही, झाडावर चढणाऱ्याच्या तर नाहीच. शेवटी एच, फुल रेस चार-पाच सेकंदच, लांबवायची नाही.

पण एकदा लावली म्हणजे कायमची लागली असं नाही, आणि मिस्त्री हे सांगत नाही. कल्याण समुद्रसपाटीला धरून. माळशेज चढून जुन्नरला गेलात की साधारण ७०० मीटरवर आलात, हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ. आपली मशीन तिथे थोडी जड चालते, धूर काढते, पण नुकसान काही नाही. खरी गोची उलटी आहे. वर नेऊन तिथे कुणी एच आवळून 'ठीक' केली आणि तीच मशीन खाली मुरबाडला कामाला लावली, तर दाट हवेत पेट्रोल कमी पडतं. पौषातल्या पहाटेच्या गार हवेतही तसंच, मे महिन्यात दुपारी लावलेली मशीन तेव्हा कोरडी चालते.

पेट्रोलही बदललंय. २०२५ मध्ये देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं. ऊसवाल्यांचं भलं झालं, चांगलंच आहे. पण इथेनॉल स्वतःत ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून जुन्या सेटिंगवर मिश्रण आपोआप कोरडं पडतं. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलंय, आपली काढून बघा. वर आपली कोकणची दमट हवा. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी खाली बसतं, टाकीतला फिल्टर तळातूनच ओढतो. त्यामुळे मिश्रण महिन्यापेक्षा जुनं वापरू नका, आणि मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून बंद पडेपर्यंत चालवा.

आणखी एक गैरसमज. 'जरा ऑइल जास्त टाक, सेफ राहील.' ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली, पुस्तिकेत जे असेल तेच. ऑइल वाढवलं की त्याच भोकातून पेट्रोल तेवढं कमी जातं.

आता माणसांचं. फांद्या छाटणारा सारखी रेस सोडतो-धरतो, त्याला एल आणि पिकअप नीट हवं. रेन ट्रीचं खोड फोडणारा दहा-दहा मिनिटं फुल दाबतो, शिवाय २२ इंची बार लावतो, त्याला एच किंचित सैलच हवा. नवशिक्या पोरगा धार गेलेली चेन जोराने रेटतो, त्यालाही तसंच. थोडी ताकद जाते, जाऊ द्या. मशीन भाड्याने देत असाल किंवा गटात चार घरांत फिरत असेल, तर ती नेहमी सैल बाजूलाच लावलेली असावी, असं माझं ठाम म्हणणं आहे. काही महाग मशिनी हे स्वतःच जुळवून घेतात, स्टिलची एम-ट्रॉनिक, हुस्कवर्नाची ऑटोट्यून. पण गावात चालते ती ५८ सीसीची साधी मशीन, तिला हाताने लावावंच लागतं.

आयडलिंग वर-खाली होत असेल, रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नसेल, तर स्क्रूच्या मागे लागू नका. कुठूनतरी हवा शिरतेय. रबरी बूट, नळी, क्रँकचं सील बघायला सांगा.

स्क्रू लागला की डोक्यावर पांढऱ्या रंगाची खूण करा, कुणी फिरवला तर लगेच दिसतं. आणि मशीनसोबत जो पान्हा येतो ना, त्याच्या एका टोकाला स्क्रू ड्रायव्हर असतो. सगळे उद्योग त्यानेच होतात. भाड्याच्या मशीनसोबत बारच्या नटापुरता साधा पान्हा आणि कानस द्या, तो घरी ठेवा.