उतार विकत घेता कशाला?

कोकणात डोंगरउतारावर जागा घेतली, की शहरी मालकाला पहिला सुचतो तो जेसीबी. माती कसली आहे, पाणी कुठून वाहतं, हे नंतर. किंवा कधीच नाही. ‘सी व्ह्यू’ म्हणून चढ्या भावाने उतार घ्यायचा आणि मग तो उतार आहे याचाच राग धरून त्याचं क्रिकेटचं मैदान करायचं! सपाटच हवं होतं तर सोलापूरकडे स्वस्तात मिळालं असतं.

आमच्या वाडीच्या डोक्यावर असंच एक फार्महाऊस झालंय. वरची माती कापून खाली लोटली, भरावाला तीन मीटर उंच काँक्रीटची भिंत घातली आणि वर मेक्सिकन हिरवळ अंथरली. भिंतीला पाणी जायला एक भोक नाही. भोकांमुळे डाग पडतात, शोभा जाते म्हणे. शोभा! त्या भिंतीमागे पाणी काठोकाठ तुंबलं, तर लांबीच्या दर मीटरवर नुसत्या पाण्याचा दाब सुमारे साडेचार टन भरतो. मातीचा रेटा वेगळा. उंची दुप्पट केली की पाण्याचा दाब चौपट. म्हणून तर एका उंच भिंतीऐवजी पुरेसं अंतर राखून दोन-तीन ठेंगण्या भिंती घालायच्या, मागे खडी भरायची आणि पाण्याला बाहेरची वाट द्यायची. कुठल्याही इंजिनिअरला हे येतं. त्याला विचारलं तर.

जांभ्याचा गडगा रचणाऱ्याला तर न विचारताही येतं. सुक्या दगडांच्या फटींतून पाणी निघून जातं. कुठे फुगवटा आला तर तेवढे दगड उतरवून पुन्हा लावायचे. मात्र पुरुषभर उंचीचा भराव पेलणं हे गडग्याचं काम नव्हे, हेही मान्य. पण तेवढा भराव घाला म्हणून सांगितलं कोणी होतं?

हिरवळीचं तर बोलूच नये. तिची मुळं वीतभर. वाळ्याची तीन मीटर खोल जातात आणि आडव्या ओळीत लावला तर तो माती धरून ठेवतो. पण वाळा आपल्याला माठात टाकण्यापुरता ठाऊक. करवंदं, निरगुडी वगैरे ‘झाडी’ म्हणून आधीच साफ झालेली.

दहा गुंठ्यांवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे लाखभर लिटर पाणी, आणि जुलैत आमच्याकडे असे दिवस नवलाचे नाहीत. मालकांनी व्हाळ बुजवून त्यावर गाड्या लावायची जागा केली. ते पाणी आता लाल चिखलासकट माझ्या कुणग्यांत उतरतं, आणि लावणी केलेलं भात गाडलं जातं. बोलायला गेलो तर उत्तर मिळालं, “आमच्या हद्दीत आम्ही काहीही करू.”

करा की. मग तुमचं पाणी आणि तुमची मातीही तुमच्याच हद्दीत ठेवा. सातबारा माझ्याकडेही आहे. नाहीतर मिरगाच्या आधी इंजिनिअरला बोलावून भिंतीला भोकं पाडा आणि व्हाळ मोकळा करा. ड्रिल मशीन हवं तर माझ्याकडून न्या.